आधी हिरवा बेडूक, मग लाल लॉब्स्टर : अमेरिकेच्या आडगावात मासे विकून दाखवणारा बिल डार्डन

मे २०२४ मध्ये अमेरिकेतून एक बातमी आली आणि सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. रेड लॉब्स्टर नावाची सीफूड रेस्टॉरंट्सची साखळी दिवाळखोरीत निघाली होती. त्याच्या वर्षभर आधी कंपनीने २० डॉलरमध्ये पाहिजे तेवढी कोळंबी खा, ही ऑफर कायमची सुरू केली होती. लोकांनी टेबलावर ठाण मांडलं, ताटांवर ताटं रिकामी केली आणि कंपनीला एकाच तिमाहीत १.१ कोटी डॉलरचा फटका बसला.

झालं, सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. गिऱ्हाइकांनी कोळंबी खाऊन हॉटेल बुडवलं.

गोष्ट ऐकायला भारी आहे, पण अर्धवट आहे. खरी गोष्ट समजून घ्यायची तर ८६ वर्षं मागं जावं लागतं. जॉर्जियातल्या एका छोट्या गावात, १९ वर्षांच्या एका पोराच्या हॉटेलात.

त्या पोराचं नाव बिल डार्डन.

२५ खुर्च्या आणि एक बेडूक

विल्यम उर्फ बिल डार्डनचा जन्म १९१८ चा. तो वयात आला तेव्हा अमेरिका जागतिक महामंदीच्या तडाख्यातून सावरत होती. कारखाने बंद पडलेले, बँका बुडालेल्या, शेतमालाला भाव नाही. त्यातही अमेरिकेचा दक्षिण भाग जास्तच गरीब होता.

अशा काळात, १९३८ साली बिलने जॉर्जियाच्या वेक्रॉस गावात दुपारच्या जेवणाचं एक छोटं हॉटेल टाकलं. खुर्च्या किती, तर फक्त २५. नाव ठेवलं द ग्रीन फ्रॉग, म्हणजे हिरवा बेडूक.

वेक्रॉस म्हणजे रेल्वेचं जंक्शन. इथं गाड्या बदलायच्या, माणसं उतरायची आणि पोटात काहीतरी ढकलून पुढं जायची. जवळच ओकेफेनोकी नावाची भलीमोठी दलदल आहे, त्यामुळं बेडकांना तोटा नव्हता. हॉटेलचं घोषवाक्यही नावाला शोभणारं होतं. बेडकासारखी टुणकन उडी मारून सेवा देऊ, असा त्याचा मतलब.

ऐकायला गंमत वाटते, पण १९ वर्षांच्या त्या पोराला धंद्यातली एक गोष्ट बरोबर कळली होती. २५ खुर्च्यांच्या हॉटेलात कमाई वाढवायची तर खुर्ची रिकामी राहता कामा नये आणि बसलेला माणूस ताटकळता कामा नये. जेवण सगळीकडंच मिळतं. गिऱ्हाईक परत येतं ते आपल्याला विचारलं म्हणून.

कंपनी सांगते ती गोष्ट

ग्रीन फ्रॉगबद्दल एक गोष्ट अमेरिकेत अनेक वर्षं सांगितली गेली.

१९३८ साली जॉर्जियात वंशभेद कायद्यानेच चालायचा. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. बसमध्ये जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. हॉटेलात तर कृष्णवर्णीय माणसाला मागच्या दाराने पार्सल मिळालं तरी खूप. पण बिल डार्डनने हे मानलं नाही, त्याच्या हॉटेलात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना टेबल मिळायचं, असं डार्डनच्या नावाने चालणारी कंपनी सांगत आली.

हे खरं असेल तर १९ वर्षांच्या पोराने केलेलं हे मोठं धाडस ठरतं. पण अलीकडच्या वर्षांत पत्रकारांनी या दाव्यावर प्रश्न उभे केले. त्या काळच्या जॉर्जियात असं हॉटेल उघडपणे चालवणं जवळपास अशक्य होतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्यामुळं ही गोष्ट कंपनीची आवडती कथा म्हणूनच ऐकावी.

पक्कं काय आहे, तर १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्क कायदा आला आणि हॉटेलात वंशावरून माणूस अडवणं बेकायदा ठरलं. डार्डनची पुढची मोठी साखळी जन्मली ती त्यानंतर चार वर्षांनी. तिच्या दारावर गोऱ्यांसाठी अशी पाटी कधी लागलीच नाही. दक्षिणेतल्या जुन्या नावाजलेल्या हॉटेलांचं तसं नव्हतं. कालपर्यंत जिथून हाकललं, तिथं आज कायद्याने परवानगी आहे म्हणून कोण हौसेने जाणार ?

पुढं हीच साखळी कृष्णवर्णीय कुटुंबांची आवडती जागा बनली. वाढदिवस, पदवीचा दिवस, रविवारी चर्च सुटल्यावरचं जेवण, सगळं तिथं. या नात्याचं मूळ १९३८ च्या दंतकथेत शोधायची गरज नाही, १९६८ च्या उघड्या दारात ते सापडतं.

नावात बदक, ताटात मासे

ग्रीन फ्रॉगनंतर डार्डन हॉटेलच्या धंद्यात मुरत गेला. १९६३ मध्ये त्याने काही भागीदारांसोबत फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरातलं एक चालतं हॉटेल विकत घेतलं. नाव गॅरीज डक इन. नावात बदक असलं तरी हॉटेल प्रसिद्ध होतं ते माशांसाठी. भागीदारांमध्ये चार्ली वूड्सबी हा आणखी एक मुरलेला हॉटेलवाला होता.

बघायला गेलं तर हे साधंसुधं हॉटेल. पण कुटुंबंच्या कुटुंबं गाडी काढून इथं जेवायला यायची. तळलेली कोळंबी, तळलेला मासा, भरपूर वाढलेलं ताट आणि खिशाला परवडेल असं बिल.

डार्डन आणि वूड्सबीच्या डोक्यात इथंच किडा वळवळला. हे एका हॉटेलात जमतं, तर दहा हॉटेलांत का जमू नये ?

प्रश्न सोपा वाटतो, पण त्या काळात तो सोपा नव्हता. तेव्हाच्या अमेरिकेत बाहेर खायचे ढोबळ दोन प्रकार होते. एक म्हणजे हॅम्बर्गरची दुकानं. मॅकडोनाल्ड्स तोवर देशभर पसरलं होतं. काउंटरवर पैसे द्या, कागदात गुंडाळलेलं खा आणि निघा. दुसरा प्रकार म्हणजे पांढऱ्या टेबलक्लॉथची महागडी रेस्टॉरंट्स. तिथं सामान्य माणूस वर्षातून एकदा जाणार, तेही कोट घालून.

मधली जागा मोकळी होती. म्हणजे टेबलावर वेटर येईल, ताट चिनी मातीचं असेल, पण पोरं सोबत असली तरी कुणी डोळे वटारणार नाही. आज याला कॅज्युअल डायनिंग म्हणतात. मासे तर या मधल्या जागेत जवळपास नव्हतेच. लॉब्स्टर म्हणजे श्रीमंतांचं खाणं, अशीच समजूत होती.

दुसरी अडचण माशाचीच. मासा नाशिवंत. समुद्रकाठच्या माणसाला डोळे आणि कल्ले बघून ताजा मासा ओळखता येतो, पण आतल्या भागातला माणूस माशाच्या हॉटेलात पाय टाकतानाच बिचकतो. वास आला तर ? पोट बिघडलं तर ?

समुद्र नाही तिथं पहिलं हॉटेल

समुद्रकिनाऱ्यावर माशाचं हॉटेल चाललं तर त्यातून काही सिद्ध होत नाही. तिथं तर ते चालणारच. म्हणून पहिल्या हॉटेलसाठी त्यांनी लेकलँड निवडलं.

लेकलँड हे फ्लोरिडाच्या पोटातलं शहर, टँपा आणि ऑरलँडोच्या मधोमध. नावाप्रमाणे तळी भरपूर, पण समुद्र नाही. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा आणि फॉस्फेटच्या खाणी. गिऱ्हाईक म्हणजे बागांमध्ये, खाणींमध्ये आणि दुकानांमध्ये काम करणारी साधी माणसं. इथं चाललं तर कुठंही चालेल, असा हिशोब.

१९६८ मध्ये लेकलँडला हॉटेल उघडलं. नाव ठेवलं रेड लॉब्स्टर. हिरव्या बेडकानंतर आता लाल लॉब्स्टर. एक रंग, एक प्राणी. लहान पोरालाही चित्र काढता येईल असं नाव.

यात एक गंमत आहे. अमेरिकेतला जिवंत लॉब्स्टर लाल नसतोच, तो काळपट हिरवा किंवा तपकिरी असतो. त्याच्या कवचात लाल रंगद्रव्य असतं, पण ते एका प्रथिनाला चिकटून दबून राहतं. उकळत्या पाण्यात टाकलं की प्रथिन मोडतं आणि लाल रंग बाहेर येतो. म्हणजे लाल लॉब्स्टर याचा अर्थ शिजलेला, ताटात यायला तयार असलेला लॉब्स्टर. आपल्या कोकणातला शेवंड हा याचाच नातेवाईक, फक्त त्याला पुढच्या मोठ्या नांग्या नसतात.

लेकलँडच्या हॉटेलचा मॅनेजर होता जो ली. जॉर्जियातलाच हा तरुण १९६७ मध्ये, म्हणजे हॉटेल उघडायच्या आधीच, कामाला लागला होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढं ते परत येणार आहे.

मेनूत काय होतं, तर तळलेली कोळंबी, मासे आणि सोबत हशपपीज. हशपपीज म्हणजे मक्याच्या पिठाची गोल भजी, दक्षिणेतल्या प्रत्येक घरात ठाऊक असलेली. डार्डनची हुशारी इथं दिसते. मासा अनोळखी होता, पण त्याच्या बाजूला ठेवलेली भजी ओळखीची होती. वरून सगळं तळलेलं. दक्षिणेतल्या माणसाला तळलेलं खायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हॉटेल चाललं. आग्नेय अमेरिकेत आणखी काही शाखा निघाल्या.

डार्डनला काळाने हात दिला

या यशात एकट्या डार्डनचं डोकं नव्हतं. काही गोष्टी त्याच वेळी जुळून आल्या होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे बर्फ. मासा झटपट गोठवायचं तंत्र क्लॅरेन्स बर्ड्सआयने १९२० च्या दशकात आणलं होतं. हळूहळू गोठवलं तर माशात बर्फाचे मोठे खडे तयार होतात आणि मांस भुसभुशीत होतं. झटपट गोठवलं तर खडे बारीक राहतात आणि चव टिकते. १९५३ पासून गोठवलेल्या फिशस्टिक्स अमेरिकेच्या बाजारात आल्या आणि आतल्या भागातल्या पोरांनाही माशाची सवय लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ते. १९५६ च्या कायद्याने देशभर इंटरस्टेट महामार्ग बांधायला सुरुवात झाली. शीतपेटीचा ट्रक बंदरावरून निघाला की आतल्या शहरात वेळेत पोहोचायला लागला.

तिसरी गोष्ट म्हणजे एकगठ्ठा खरेदी. एकटा हॉटेलवाला बाजारात जाईल तेव्हा व्यापारी सांगेल तो भाव. पण पन्नास हॉटेलांसाठी एकच माणूस कोळंबी घ्यायला लागला, की भाव तो ठरवणार. शाखा वाढल्या की माल स्वस्त, माल स्वस्त की ताट स्वस्त, ताट स्वस्त की गर्दी, गर्दी की आणखी शाखा. साखळी हॉटेलचं चाक असं फिरतं.

पण हे चाक पहिल्यांदा फिरवायला पैसा लागतो. जमीन घ्या, इमारत बांधा, स्वयंपाकघर उभारा, माणसं शिकवा. डार्डन आणि वूड्सबीकडं कल्पना होती, अनुभव होता, पण एवढी थैली नव्हती.

पिठाच्या कंपनीने मासे विकत घेतले

१९७० मध्ये जनरल मिल्स या कंपनीने रेड लॉब्स्टर विकत घेतली. तेव्हा साखळीत होती फक्त ५ हॉटेलं.

जनरल मिल्स म्हणजे मिनियापोलिसची पीठ आणि सीरियल बनवणारी अवाढव्य कंपनी. चिरिओज तिचंच. या कंपनीला तेव्हा जे दिसेल ते विकत घ्यायचा नाद लागला होता. मोनोपॉली हा खेळ बनवणारी पार्कर ब्रदर्स तिने घेतली, केनर ही खेळण्यांची कंपनी घेतली, कपड्यांच्या धंद्यातही हात घातला. त्याच रांगेत ५ हॉटेलांची एक साखळी.

कुणाला वाटेल, डार्डनने घाईत विकलं. आणखी दहा वर्षं थांबला असता तर ? पण थांबला असता तर ५ ची ५० झाली असती की नाही, हाच प्रश्न होता. त्याने मालकी सोडली आणि वाढ निवडली. स्वतःही तो नव्या मालकाच्या सोबतीने कामात राहिला.

मुख्यालय ऑरलँडोत राहिलं. १९७१ मध्ये त्याच ऑरलँडोजवळ डिस्ने वर्ल्ड उघडलं आणि ते शहर पर्यटकांनी गजबजून गेलं. जनरल मिल्सच्या पैशावर रेड लॉब्स्टर राज्यामागून राज्य पार करत गेली. समुद्र हजार किलोमीटर लांब असलेल्या शहरांतही लोक रविवारी खेकड्याचे पाय फोडायला लागले.

१९७५ मध्ये साखळीचा अध्यक्ष झाला जो ली. पहिल्या हॉटेलात गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळणारा तोच मॅनेजर. १९८२ मध्ये जपानमध्ये भागीदारी झाली, १९८३ मध्ये कॅनडात शाखा निघाल्या. १९८२ मध्येच ऑरलँडोत इटालियन जेवणाची ऑलिव्ह गार्डन ही साखळी सुरू झाली. ती उभी राहिली रेड लॉब्स्टरमध्ये तयार झालेल्या पद्धतींवर. एकगठ्ठा खरेदी, ठरलेली कृती, प्रत्येक शाखेत सारखीच चव आणि मध्यमवर्गाला झेपणारं बिल.

डार्डनने हॉटेल काढलं तेव्हा कोळंबी हा अमेरिकेत सणासुदीचा पदार्थ होता. २००१ मध्ये तिने डबाबंद ट्यूनाला मागं टाकलं आणि ती अमेरिकेत सगळ्यात जास्त खाल्लं जाणारं सीफूड बनली. याचं सगळं श्रेय एका साखळीला देता येत नाही, तळ्यांमधली कोळंबी शेती हे त्याचं मोठं कारण आहे. पण ती शेतातली कोळंबी मागवणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांत रेड लॉब्स्टर होती. आज अमेरिकेला सगळ्यात जास्त कोळंबी पाठवणारा देश भारत आहे आणि त्यातली बरीचशी आंध्र प्रदेशातल्या तळ्यांमधून जाते. वेक्रॉसच्या २५ खुर्च्यांपासून निघालेला धागा असा फिरत फिरत गोदावरीच्या मुखापर्यंत येतो.

नाव मिळालं, ते बघायला माणूस राहिला नाही

२९ मार्च १९९४ रोजी बिल डार्डन गेला. वय ७५.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, जनरल मिल्सने रेस्टॉरंटचा सगळा धंदा वेगळा काढला आणि शेअर बाजारात स्वतंत्र कंपनी म्हणून उतरवला. तिचा प्रमुख झाला जो ली. आणि तिला नाव दिलं गेलं डार्डन रेस्टॉरंट्स.

५ हॉटेलं विकून मालकी सोडलेल्या माणसाचं नाव हजारावर हॉटेलांच्या कंपनीला लागलं. फक्त ते बघायला तो नव्हता.

पण गोष्ट इथं संपत नाही.

२०१४ मध्ये डार्डन रेस्टॉरंट्सने रेड लॉब्स्टरच विकून टाकली. गिऱ्हाईक घटत होतं, ऑलिव्ह गार्डन जास्त कमवत होतं. गोल्डन गेट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने २१० कोटी डॉलरला साखळी घेतली. म्हणजे डार्डनचं नाव एका कंपनीकडं आणि डार्डनने उभं केलेलं हॉटेल दुसऱ्या कंपनीकडं.

नव्या मालकाने लगेच एक व्यवहार केला. रेड लॉब्स्टरच्या मालकीच्या जमिनी आणि इमारती १५० कोटी डॉलरला विकल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या. म्हणजे खरेदीची बरीचशी रक्कम हॉटेलाखालची जमीन विकूनच निघाली. कालपर्यंत जे हॉटेल स्वतःच्या घरात राहायचं, ते रातोरात भाडेकरू झालं. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं द्यायचंच.

त्यानंतर थाई युनियन ही थायलंडची सीफूड कंपनी आली. आधी २०१६ मध्ये हिस्सा घेतला, मग २०२० मध्ये इतरांसोबत ताबा. कोरोनाने गर्दी पळवली, महागाईने खर्च वाढवला, भाडं डोक्यावर होतंच. गिऱ्हाईक परत आणायला २०२३ मध्ये २० डॉलरची ती कोळंबीची ऑफर कायमची केली.

गिऱ्हाईक आलं, नफा नाही आला. मे २०२४ मध्ये डझनावारी शाखांना टाळं लागलं आणि कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात पोहोचली. मीम्समध्ये दिसली ती फक्त कोळंबी. दहा वर्षांपूर्वी विकलेली जमीन त्यात कुणाला दिसली नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनी नव्या मालकांच्या हातात जाऊन दिवाळखोरीतून बाहेर आली. पाचशेहून जास्त शाखा शिल्लक राहिल्या. सूत्रं दिली गेली दामोला अदामोलेकुन याच्याकडं. वय अवघं ३५, जन्म नायजेरियातला.

बिल डार्डनने पहिलं हॉटेल टाकलं, त्या वर्षीच्या जॉर्जियात या माणसाला कितीतरी हॉटेलांच्या पुढच्या दाराने आतही जाता आलं नसतं. ग्रीन फ्रॉगचं दार त्याच्यासाठी उघडलं असतं का, हे कंपनीच्या कथेवर सोडून देऊ. आज सगळ्या शाखांच्या किल्ल्या मात्र त्याच्याकडं आहेत.